चर्चा: एमबीबीएस करता करता मध्येच एक वर्ष साहित्य-इतिहासाला द्यावं का?

भद्रकालीतला जीपी

भाची ब्रिस्टलला मेडिकलला आहे. तिसरं वर्ष संपलं. आता चौथ्यात न जाता ती एक वर्ष ‘मेडिकल ह्युमॅनिटीज’ करणार. आपण वैद्यकीय मानव्यविद्या म्हणू. साहित्य, तत्त्वज्ञान, वैद्यकाचा इतिहास शिकायचा, बीएची वेगळी पदवी घ्यायची आणि परत वॉर्डात. आमच्या ताईचा जीव टांगणीला लागलाय, ‘पोरगी डॉक्टर व्हायचं सोडून कविता वाचणार!’ मला मात्र भाचीचा हेवा वाटला.

कारण सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक जण बापाला रिक्षातून घेऊन आला. ‘अंगावरून वारं गेलंय, सकाळपासून तेल चोळतोय.’ दुपारचे तीन वाजलेले. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ टळून गेली होती. मी त्याच्यावर ओरडलो. रात्री विचार करत बसलो, तेव्हा लक्षात आलं की त्याच्या हिशेबाने त्याचं काहीच चुकलं नव्हतं. वारं लागलंय ना, मग ऊब द्यायची, खिडकी लावायची, तेल चोळायचं. उपचार त्या शब्दातच बसलाय. हे समजायला मला दवाखान्यात वीस वर्षं काढावी लागली.

आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकात आहे. असं ऐच्छिक वर्ष इथूनच सुरू व्हावं, असं माझं मत. आता हाणा.

निफाडची आई

डॉक्टर, मुलगा सेकंड इयरला आहे म्हणून बोलते. बारावीनंतर एक वर्ष रिपीट केलं. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. सरकारी सेवेच्या बाँडचं एक. पीजीची नीट पहिल्या झटक्यात निघाली तर आणखी तीन. म्हणजे एकोणतिशी लागेपर्यंत पोरगा शिकतोच आहे. त्यात अजून एक वर्ष घालायचं? ज्या साली द्राक्षाला भाव नव्हता, त्या साली हॉस्टेलचे पैसे कसे उभे केले ते आम्हाला ठाऊक. ऐच्छिक म्हणजे ज्याला परवडतं त्याचं, एवढंच.

कात्री-चिमटा

मी सर्जन आहे, तेव्हा कोरडा म्हणा हवं तर. इंग्लंडचं उदाहरण देताना अर्धंच सांगू नका. तिथल्या मुलांची मेडिकलची फी शिक्षणाच्या पाचव्या वर्षापासून सरकारी आरोग्यसेवा भरते, म्हणून जादा वर्षाचा भार तितका पडत नाही. शिवाय जादा पदवीला पहिल्या नोकरीच्या वाटपात गुण मिळायचे. ते २०२३ च्या भरतीपासून बंद झाले. गुण गेल्यावरही किती पोरं कविता वाचायला थांबतात ते बघा, मग ओढ किती आणि हिशेब किती ते कळेल. आणि ज्याला आतून लागतं तो करतोच. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. नाटकासाठी त्यांना कुठल्या विद्यापीठाने वर्ष तोडून दिलं होतं?

सावानाची जुनी सभासद

लागूंचं उदाहरण इथे गैरलागू (कोटी आपोआप झाली, माफ करा). डॉक्टरने नाटकात काम करावं असं कोण म्हणतंय?

मी इतिहास शिकवला आयुष्यभर. १८९७ चा पुण्याचा प्लेग घ्या. सोल्जर घरात घुसून झडत्या घेत, रोगी उचलून नेत, सामान जाळत. लोकांनी काय केलं? रोगी लपवले. त्याच साली, त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले आजारी माणसांना मुलाच्या, डॉ. यशवंतच्या, दवाखान्यात पोचवत होत्या आणि त्यातच लागण होऊन गेल्या. रोग एकच, आणि माणसं कुणापासून लपतात नि कुणाच्या खांद्यावर मान टाकतात ते बघा. २०२० मध्ये दारावर स्टिकर लागेल म्हणून आमच्या गल्लीत लोक ताप लपवत होते. तेव्हाच्या तरुण डॉक्टरांना याचं नवल वाटत होतं. मला वाटलं नाही.

कात्री-चिमटा

ताई, पटलं. पण हे मला तुमच्या एका परिच्छेदात समजलं. वर्ष कशाला?

सावानाची जुनी सभासद

अपेंडिक्स कुठे असतं हे मलाही एका वाक्यात समजतं. मी काढू का?

इंटर्न, सुरगाणा

नाइट ड्यूटीवर आहे, वाचत होतो, राहवलं नाही. सर, २०१९ पासून आमच्या अभ्यासक्रमात एटकॉम आहे. वर्तन, नीती, संवाद, सगळं त्यात येतं. खरं काय झालं ते सांगतो. लॉगबुक तपासणीच्या आदल्या रात्री एका मुलाचं बघून सगळ्या हॉस्टेलने उतरवलं. ‘रुग्णाच्या दुःखातून मी काय शिकलो’ हा परिच्छेदसुद्धा. साठ जणांचं दुःख शब्दशः सारखं, खाडाखोडीसकट. तुम्ही वर्ष दिलंत तर आम्ही वर्षाचं लॉगबुक उतरवू.

दुसरं. माझ्यासोबत ऑल इंडिया कोट्यातला एक मित्र आहे, राजस्थानचा. एका बाईने हळूच सांगितलं, ‘अंगावरून जातंय.’ हा अंगावर पुरळ शोधत बसला. सिस्टर आल्या, त्याला बाजूला घेतलं, पांढरं जातं म्हणजे काय ते दोन मिनिटांत समजावलं. आमच्याकडच्या आज्या घरात कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. डॉक्टरने मराठीत काहीही विचारलं की त्या ‘हो’ म्हणतात. दुखतं का? हो. थांबलं का? हो. हे शिकायला तत्त्वज्ञान नको, वॉर्डातली सिस्टर आणि थोडा वेळ हवा. एका ओपीडीत शंभर केसपेपर असताना तोच नसतो.

भद्रकालीतला जीपी

लॉगबुकपुढे मी गप्प. पण बाकीचं पूर्ण मान्य नाही. सिस्टर शब्दाचा अर्थ सांगतील. तेल चोळणाऱ्या पोराला मूर्ख न ठरवता ‘आधी गाडीत घाल’ हे कसं पटवायचं, आणि बाप अधू झाल्यावर त्याच्या मनातली टोचणी कशी हलकी करायची, ते मला कुणी शिकवलं नाही. मी ओरडलो, कारण मला तेवढंच येत होतं.

निफाडची आई

मग इंटर्नशिपमध्येच महिनाभर ठेवा की. वेगळी फी नाही, वेगळं वर्ष नाही. माझी ना नाही.

कात्री-चिमटा

त्या महिन्यात पोरं पीजीचे एमसीक्यू सोडवतील. लिहून देतो.

इंटर्न, सुरगाणा

सोडवतीलच सर, मीही सोडवेन. खोटं कशाला बोलू.

भद्रकालीतला जीपी

सुरगाणेकर, असे शब्द कुठे लिहून ठेवता का? वारं, कसर, अंगावरून जाणं, पोटात गोळा उठणं?

इंटर्न, सुरगाणा

वहीत आहेत, सव्वाशेच्या आसपास. कोकणा बोलीतले मराठीत आणि मराठीतले त्या राजस्थानच्या मित्रासाठी हिंदीत. ड्यूटी संपली की फोटो काढून पाठवतो. पण सर, हे वर्षभर बसून झालेलं नाही. मेडिसिन आणि गायनॅकच्या दोन पोस्टिंगमध्ये, डबा खाता खाता झालंय.