मदत हवी आहे: सर बहिणीशी बोलत नाहीत, शनिवारी निवड चाचणी आहे

खारपाणपट्टा: लवकर सांगा, वेळ नाही. बहिणीचे सर आठ दिवसांपासून तिच्याशी एक शब्द बोलत नाहीत. मैदानावर येतात, बाकीच्या मुलींना शिकवतात, हिच्याकडे बघतही नाहीत. शनिवारी चाचणी आहे. ही धड जेवत नाही. काय करावं?

सातपुडा७१: कोणता खेळ? मुलीचं वय किती? सर शाळेचे की बाहेरचे? काहीच न सांगता लवकर सांगा म्हणता.

खारपाणपट्टा: बॉल बॅडमिंटन, फुलाऐवजी लोकरीच्या बॉलने खेळतात ते. आमच्याकडे दुसरं काय असणार. सोळा वर्षांची आहे. सर गावातलेच, शेती करतात, एक रुपया घेत नाहीत. जिल्हा परिषद शाळेच्या मागे कोर्ट आहे. आता बोला.

वणीचा पुणेकर: माझं ऐका, तिला पॅडलकडे वळवा, टेनिससारखा खेळ आहे. पुण्यात मी दर रविवारी खेळतो. २० बाय १० मीटरचं कोर्ट, चहूबाजूंनी काच आणि जाळी, नेहमी दोघं विरुद्ध दोघं. मोठ्या स्पर्धांत कोच जोडीच्या बाकावरच बसतो, बाजू बदलताना दोघांशी बोलतो. अबोला धरायला वावच नाही.

माय वऱ्हाडी: भाऊ, दर्यापूर तालुक्यात काचेचं कोर्ट कोन बांधून देते? त्यानं इचारलं काय, तुमी सांगता काय. खारपाणपट्टा, तू सांग बापा, आठ दिवसांआधी झालं काय?

खारपाणपट्टा: दिवाळीच्या सुट्टीत ती अमरावतीला मामाकडे गेली, तिथे दहा दिवसांचं शिबिर केलं. सरांना सांगायचं राहून गेलं. आल्यावर सर्व्हिस बदललेली त्यांना दिसली. कोणी शिकवलं विचारलं, तर ही म्हणाली, "तिकडे असंच मारतात सर, तुमचं जुनं झालं." एवढंच.

यवतमाळची माजी खेळाडू: एवढंच? लोकरीचा बॉल दवाने जड होतो, म्हणून आमचे सर आदल्या रात्री सगळे बॉल चुलीजवळ सुकवून ठेवायचे. पाच वर्षं. असं करणाऱ्या माणसाला "जुनं" हा शब्द किती लागला असेल! आधी पाया पडायला सांगा.

कायदेशीर: मला पटत नाही. सोळा वर्षांच्या पोरीशी आठ दिवस अबोला, तोही चाचणीच्या तोंडावर, ही शिक्षाच झाली. फुकट शिकवलं म्हणून खेळाडू कोणाची बांधील होत नाही. बॅडमिंटनची सायना नेहवाल २०१४ मध्ये आपले कोच गोपीचंद यांना सोडून बंगळुरूला विमल कुमारांकडे गेली, २०१५ मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर पोचली आणि २०१७ मध्ये परत गोपीचंदकडेच आली. आपल्या नागपूरचा ओजस देवतळे साताऱ्याला प्रवीण सावंतांकडे तिरंदाजी शिकायला गेला, २०२३ ला बर्लिनमध्ये जगज्जेता झाला.

यवतमाळची माजी खेळाडू: जाऊ नये असं कोण म्हणतंय? न सांगता गेली आणि वर तोंड करून बोलली, मुद्दा तो आहे. सामना सोडून वानखेडेवर मॅच बघायला गेला म्हणून आचरेकर सरांनी सचिनला थप्पड मारली होती. तो ते आजही आदराने सांगतो.

कायदेशीर: थप्पड मारली ते चूकच होतं, सचिन काहीही सांगो.

क्रीडा गुण: दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, प्रमाणपत्रं जपून ठेवा. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे.

सातपुडा७१: मूळ प्रश्नाकडे या. आठ दिवसांत सरांकडून काहीच नाही? निरोप, चिठ्ठी?

खारपाणपट्टा: नाही. परवा हिची तुटलेली रॅकेट तेवढी गटिंग करून, म्हणजे नवी जाळी विणून, एका पोराच्या हाती पाठवली. निरोप काहीच नाही. म्हणून तर विचारतोय.

माय वऱ्हाडी: अरे बापा, हे पह्यले काहून नाही सांगितलं! बोलायचंच नसतं त गटिंग कायले केली असती? त्यायले राग नाही आला, वाईट वाटलं हाये. उद्या पहाटे तिले घेऊन जा. तू बोलू नको, तिले बोलू दे. जे तोंडातून गेलं त्याची माफी मांगू दे, शिबिराची नाही. अन् नवी सर्व्हिस त्यायच्यासमोर मारून दाखव म्हना, "सर, हे बरोबर हाये का पाहा." चूक असंन त तेच सांगतीन.

कायदेशीर: हे पटलं. आईला सोबत न्या. आणि सर गप्पच राहिले तरी चाचणी सोडू नका.

खारपाणपट्टा: रॅकेट आत्ता नीट पाहिली. मुठीवर सायकलची ट्यूब नव्याने गुंडाळली आहे. हिचा हात लहान आहे, म्हणून एकच पदर, बारीक. ती रॅकेट मांडीवर घेऊन रडत बसली आहे. सकाळी साडेपाचला निघतो, आई येते आहे.

सातपुडा७१: जा. आणि सरांना विचारा, बाहेरच्या रॅकेट घेतात का गटिंगला? आमच्या शाळेच्या चार तुटून पडल्या आहेत, अकोल्याशिवाय कोणी करत नाही.