नौका पुरेशा होत्या, तरीही

'टायटॅनिकवर पुरेशा जीवरक्षक नौका असत्या तर सगळे वाचले असते' असं बरेचदा म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. नौका कमी होत्या हे खरंच. २० नौकांत मिळून ११७८ माणसं मावणार आणि जहाजावर २२०० हून जास्त. पण बुडायला दोन तास चाळीस मिनिटं लागूनही घडी घालता येणाऱ्या शेवटच्या दोन नौका नीट सोडता आल्याच नाहीत.

१५ एप्रिलला टायटॅनिक सगळ्यांना आठवते, 'एम्प्रेस ऑफ आयर्लंड' ही प्रवासी बोट मात्र फारशी कुणाला आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. २९ मे १९१४ च्या पहाटे कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीत, दाट धुक्यात, कोळसा वाहणारं नॉर्वेचं 'स्टोरस्टॅड' जहाज एम्प्रेसच्या कुशीत घुसलं. टायटॅनिकच्या धड्यामुळे तिच्यावर सगळ्यांना पुरून उरतील एवढ्या नौका होत्या. पण जहाज लगेच एका अंगावर कललं, उघड्या राहिलेल्या गोल खिडक्यांतून पाणी आत शिरलं आणि वर उचलल्या गेलेल्या बाजूच्या नौका खाली सोडणंच अशक्य झालं. १४ मिनिटांत जहाज तळाला गेलं. १४७७ पैकी १०१२ माणसं गेली. खालच्या मजल्यांवरची कित्येक तर झोपेतून उठून जिन्यापर्यंतही पोचली नाहीत.