वॉटसन हॉटेल: बिडाच्या खांबाला तडा गेला तर वेल्डिंग चालतं का?

प्रश्न:
काळा घोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनवर, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलवर, टिपण करतोय. लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईत आणला, रचना इंग्रज अभियंता रोलंड मेसन ऑर्डिशची, हॉटेल १८७१ला सुरू झालं, इथवर ठीक. अडलंय ते दुरुस्तीपाशी. अशा खांबाला तडा गेला तर वेल्डिंगने भागतं का? आणि भिंत बाहेर फुगली तर दोष विटांचा की लोखंडाचा?

प्रतिसाद १:
वेल्डिंग नकोच. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, कार्बन दोन टक्क्यांच्या वर असतो. दाब ते उत्तम सोसतं, पण ताण आला की न वाकता कडकन मोडतं. वेल्डिंगने एकच जागा तापते, निवताना आकसते आणि शेजारी नवा तडा जातो. हे टाळायचं तर आख्खा भाग आधी चांगला तापवून सावकाश निववावा लागतो. माथ्यावर मजले उभे असताना ते कसं करणार? त्यापेक्षा थंड टाके घाला, म्हणजे धातू न तापवता तडा शिवून घ्या. आधी जॅक लावून खांबावरचा भार उतरवायचा. तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग तड्याला आडव्या खाचा पाडून त्यांत निकेल मिश्रधातूच्या पट्ट्या ठोकून बसवायच्या आणि तड्याच्या रेषेवर एकमेकांत घुसणारे स्टड (आट्यांच्या खुंट्या) आवळायचे.

लांब तुळया त्या काळी बहुधा घडीव, म्हणजे न मोडता वाकणाऱ्या, लोखंडाच्या असत. तिथे गंजलेल्या भागावर पट्टी बोल्टने जोडता येते.

प्रतिसाद २:
फुगलेल्या भिंतीत बहुतेक वेळा लोखंडच दोषी निघतं. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि विटा बाहेर ढकलतो. समुद्राची खारी हवा आहेच, पण जास्त घात गळतीने होतो: तुंबलेले पन्हळ, मागाहून घातलेल्या मोऱ्या, बंदिस्त केलेले सज्जे. हॉटेल बंद पडल्यावर इथे खोल्यांचे तुकडे पाडून ते भाड्याने दिले गेले. २००५मध्ये सज्ज्याचा भाग कोसळला.

दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, सिमेंटने भरू नका, चुन्यानेच भरा. सिमेंटमुळे ओल आत कोंडते, आणि वरून भिंत कोरडी दिसत असताना आत गंज चालूच राहतो. भारतातला पहिला चित्रपटाचा खेळ ७ जुलै १८९६ला याच वास्तूत झाला. इथला मूळ धातू वाचेल तितका वाचवायलाच हवा.

प्रतिसाद ३:
टाक्यांच्या आधी खांबाची जाडी मोजा. पोकळ खांब ओतताना पोकळीसाठी साच्यात ठेवलेला गाभा सरकला तर एक बाजू पातळ राहते आणि वरून काहीच कळत नाही. एकाच उंचीवर, १२० अंशांच्या अंतराने तीन बारीक भोकं पाडून जाडी घ्या. भार पेलायचं गणित सर्वात पातळ बाजूवर मांडा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासू नका.