हत्ती गवताच्या मुरघासात फळांचा चोथा: किती आणि कसा मिसळावा?

प्रश्न
४५-५० दिवसांच्या हत्ती गवताचा मुरघास (हवाबंद खड्ड्यात आंबवलेला हिरवा चारा) करायचा आहे. कुट्टीत शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा भाग) १८ टक्केच भरतो. खड्ड्यातून काळपट पाणी गळतं आणि मुरघासाला खवट लोण्यासारखा वास येतो. गवत जून होऊ दिलं तर प्रथिनं घटतात, म्हणून कापणी पुढे ढकलायची नाही. संत्रा-मोसंबीचा वाळवलेला चोथा आणि अननसाच्या ओल्या साली, दोन्ही मिळू शकतात. काय घालावं, किती?

उत्तर १
वाळवलेला चोथा घ्या. तो वास ब्युटिरिक आम्लाचा आहे. या गवतात विरघळणारी साखर कमी आणि पाणी जास्त, त्यामुळे चारा टिकवणारं लॅक्टिक आम्ल पुरेसं तयार होण्याआधीच ब्युटिरिक आम्ल करणारे क्लॉस्ट्रिडियम जिवाणू जोर धरतात. चोथा दोन्हीकडून मदत करतो: त्यातली साखर लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंना मिळते, आणि पेक्टिन (फळातला चिकट घटक) व तंतू सुटलेला रस धरून ठेवतात.

हिशोब असा. १००० किलो गवतात शुष्क पदार्थ १८० किलो. त्यात ९० टक्के शुष्क पदार्थ असलेला १०० किलो चोथा घातला तर ११०० किलोत २७० किलो, म्हणजे साधारण २४.५ टक्के. १५० किलो घातला तर २७ टक्क्यांच्या थोडं वर. १०० किलोपासून सुरुवात करा. तरीही मूठ दाबल्यावर थेंब पडत असतील तर वाढवा.

एक चूक फार होते: गवताचा थर, मग चोथ्याचा थर. असं करू नका. चोथा जिथे असतो तिथेच पाणी शोषतो, मधलं गवत तसंच चिकट होऊन सडतं. दीड-दोन सेंटिमीटरची कुट्टी पसरून त्यावर चोथा भुरभुरवा, फावड्याने उलथापालथ करा आणि मगच खड्ड्यात टाकून तुडवा.

उत्तर २
वरच्या उत्तराशी सहमत. अननसाच्या ओल्या साली मात्र या गवतात अजिबात नकोत. त्यांत ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे तुमच्या गवतापेक्षाही जास्त. शिवाय साखर भरपूर, त्यामुळे यीस्ट तिचं अल्कोहोल करतं आणि शुष्क पदार्थ वायूरूपाने उडून जातो.

साली वाया घालवायच्या नसतील तर वाळल्या काडासोबत वेगळ्या मुरवा: ८० किलो सालींना २० किलो बारीक केलेलं काड, की शुष्क पदार्थ ३० टक्क्यांवर येतो. साली आल्या त्याच दिवशी भरा. ढिगात ठेवल्या की तापतात, बुरशी धरतात, आणि बुरशी लागलेला माल मुरवून सुधारत नाही.

उत्तर ३
चोथा घेताना रंग बघा. फिका तपकिरी चालेल. काळसर, जळका वास असलेला नको, कारण जास्त तापल्याने त्यातली प्रथिनं पचत नाहीत. गाठी असतील तर आत बुरशी आहे का ते फोडून पाहा.

वाळवण्याआधी बहुधा चुना मिसळतात, म्हणून या चोथ्यात कॅल्शियम बरंच असतं. विण्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत गाईला हा मुरघास भरपूर देऊ नका, नाहीतर विल्यावर दुग्धज्वराचा (रक्तातलं कॅल्शियम एकदम घटण्याच्या आजाराचा) धोका वाढतो. दुभत्या गाईंना चालतो, फक्त खनिज मिश्रण त्या हिशोबाने ठरवा.

खड्डा ३०-४० दिवसांनी उघडा. सामू (आम्लता दाखवणारा pH) ४.२ किंवा त्याखाली असावा. उरलेल्या साखरेवर हवा लागताच यीस्ट वाढतं, म्हणून रोज खड्ड्याच्या उघड्या पूर्ण तोंडावरून किमान १५ सेंटिमीटर काप घ्या. हात घातल्यावर आतला मुरघास कोमट लागला तर रोजचा काप वाढवा.