माफीनामा लिहून द्यायचा का नाही? (युनियनच्या प्रतिनिधींसाठी)

बुटीबोरीवाला: आमच्या प्लँटमधे कोणाला शोकॉज (कारणे दाखवा नोटीस) मिळाली की एचआरचं ठरलेलं, 'माफीनामा दे, इथंच मिटवतो.' आणि आपलेच कमिटीवाले म्हणतात, दे बाप्पा लिहून. माझं मत, अजिबात देऊ नये. तो कागद मिटत नाही, पर्सनल फायलीत जातो आणि पुढं डिसमिस करताना पास्ट रेकॉर्ड म्हणून तोच बाहेर काढतात. उत्तर मुदतीत द्याच, पण आरोप मान्य नाही म्हणून द्या, सोबत तक्रारीची कॉपी मागा, सीसीटीव्हीचं नाव घेत असतील तर फुटेज मागा.

हिंगणा फिटर: काऊन एवढं ताणता भाऊ? पोरगा चार दिवस न सांगता गायब, मस्टरवर दिसून राहिलं, आणि तुम्ही लिहिणार आरोप मान्य नाही! वॉर्निंगवर सुटतो तर सुटू द्या ना. सस्पेंड झाला की पगाराच्या ५० टक्के भत्ता, ९० दिवसांनंतर ७५, तेही चौकशीला लांबण त्याच्यामुळं लागली नसेल तरच. हप्ते काय युनियन भरणार हाय का त्याचे?

बुटीबोरीवाला: गैरहजेरीत कारण लिहा की. आई मेडिकल हॉस्पिटलमधे भरती होती, डिस्चार्ज कार्ड जोडलंय. हा खुलासा झाला, माफी नाही. आणि एचआर टाइप करूनच आणतात ना, 'पुन्हा असं झाल्यास कंपनी देईल ती शिक्षा मान्य', त्या ओळीवर सही करणारे पाहिले की डोकं फिरतं माझं.

हिंगणा फिटर: ती ओळ तर मीपण खोडायला लावतो. पण माफी नाही दिली तर कंपनीची इन्क्वायरी लागते, ती लढणार कोण? आपल्यात साक्षीदाराचा क्रॉस (उलटतपासणी) घेता येणारे किती, अन् समोर कंपनीची बाजू मांडायला एलएलबी झालेला प्रेझेंटिंग ऑफिसर बसवतात.

कोराडी रिटायर्ड: मग वकील द्या म्हणून लेखी मागा. मुंबई पोर्टच्या केसमधे १९८२ लाच सुप्रीम कोर्टानं म्हटलंय, मॅनेजमेंटकडून कायदा शिकलेला माणूस उभा असेल तर कामगारालाही वकील नाकारता येत नाही. पण उगाच बाहेरचा पुढारी आणायला जाऊ नका, १९९२ ला क्रेसेंट डाईजच्या निकालात तो आपोआप मिळणारा हक्क नाही म्हटलंय, स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे कंपनीचे नोकरीचे मंजूर नियम, काय म्हणते ते आधी वाचा. बाकी माफीचं म्हणाल तर लेट येण्यासाठी द्या, चोरी, मारामारी, शिवीगाळ यात एक शब्द लिहून देऊ नका, तिथं नोकरीच जाते. अन् आधी माणसाला टपरीवर एकट्याला घेऊन खरं काय झालं ते विचारा, आपलेच लोक आपल्यालाच अर्धं सांगतात.

हिंगणा फिटर: मारामारीत दोघंही आपलेच मेंबर, तेव्हा?

कोराडी रिटायर्ड: दोघांना दोन वेगळे प्रतिनिधी. एकानं दोघांचं घेतलं की क्रॉसमधे एकाचा बळी जातोच.

बुटीबोरीवाला: आमच्याकडं प्रतिनिधी एकच आहे, मी. दुसरा कोणी तयारच होत नाही बे.