ईएसडी मॅट आणि रिस्ट स्ट्रॅप जोडलेल्या टेबलाचे अर्थिंग खात्रीने कसे तपासावे?

बोर्ड_दुरुस्ती_नागपूर

सर्वांना नमस्कार. नागपुरात एका जुन्या इमारतीतील भाड्याच्या गाळ्यात मी मोबाइल आणि लॅपटॉपच्या बोर्डांची दुरुस्ती करतो. टेबलावर निळी ईएसडी मॅट (स्थिर वीज, म्हणजे स्टॅटिक, अर्थकडे वाहून नेणारी) अंथरलेली आहे, काम करताना त्याच कामाचा पट्टा, म्हणजे रिस्ट स्ट्रॅप, मनगटावर असतो आणि दोन्हींच्या वायरी भिंतीवरच्या थ्री-पिन सॉकेटच्या अर्थिंगला जोडलेल्या आहेत. तरीही गेल्या उन्हाळ्यात दुरुस्त होऊन गेलेले तीन बोर्ड आठ-पंधरा दिवसांत परत आले, आणि प्रत्येक वेळी मी बदललेल्या आयसीच्या शेजारचीच एखादी आयसी गेलेली होती.

मल्टिमीटर लावला असता फेज आणि अर्थ यांच्यात 231 व्होल्ट दिसतात, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात बरोबर 0.0. वायरमनने हे वाचन पाहून अर्थिंग उत्तम असल्याचे सांगितले, पण माझे समाधान झालेले नाही. एवढ्या तपासणीवर विसंबून राहावे का?

वायरिंग_सुपरवायझर

आपली शंका रास्त आहे. फेज आणि अर्थ यांच्यात 230 व्होल्टच्या आसपास दिसणे याचा अर्थ एवढाच की अर्थच्या भोकातली तार कुठेतरी टेकलेली आहे. मल्टिमीटर नगण्य प्रवाह ओढतो, त्यामुळे गंजलेला, एका धाग्यावर लोंबणारा जोडसुद्धा त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवतो.

मला जास्त काळजी वाटते ती त्या 0.0 ची. न्यूट्रलमधून आपला आणि शेजाऱ्यांचा प्रवाह वाहत असतो, म्हणून सॉकेटपाशी न्यूट्रल आणि खऱ्या अर्थमध्ये थोडा तरी फरक पडतो. व्होल्ट-दोन व्होल्ट दिसणे अगदी साधारण आहे. त्याच बोर्डावर 1000 वॉटची इस्त्री लावून पुन्हा मोजा. वाचन जराही हलले नाही, तर सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेच्या तुकड्याने जोडलेले असण्याची दाट शक्यता आहे. जुन्या इमारतींत अर्थची तार ओढण्याचे कष्ट वाचवण्यासाठी असे केलेले मी अनेकदा पाहिले आहे. पक्के करायचे असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच बंद करून, वीज गेल्याची खात्री करून, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला रोध मोजा. तो शून्याजवळ आला तर जोड आहेच.

हा प्रकार जीवघेणा आहे. न्यूट्रल मागे कुठे तुटला, तर चालू उपकरणांतून येणारा फेज त्याच तुकड्यातून सोल्डरिंग स्टेशनच्या धातूच्या बॉडीवर येतो. आरसीसीबीवरही (प्रवाहाची गळती जाणवताच वीज तोडणाऱ्या स्विचवरही) भरवसा ठेवू नका, कारण अशा जोडणीत बॉडीवर आलेला प्रवाह न्यूट्रलमधूनच परत जातो आणि तिला कोणताही फरक जाणवत नाही. तिचे टेस्ट बटण दाबल्यावर ती पडते, पण ते बटण आतली यंत्रणा तपासते, अर्थिंग नव्हे.

कृपया फेज आणि अर्थमध्ये 100 वॉटचा बल्ब लावून पाहू नका. अर्थची तार पुढे तुटलेली असेल तर फिलामेंटमधून फेज सगळ्या बॉडींवर येतो, आणि न्यूट्रल जोडलेला असेल तर बल्ब लख्ख पेटून आपली फसवणूक करतो. मुख्य अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध मोजायचा तर अर्थ टेस्टर लागतो. जमिनीत दोन सळया ठोकून तो मोजतात. शक्य असेल तर स्टॅटिकसाठी वेगळा रॉड ठोकून मॅट फक्त त्यालाच जोडा.

एसएमटी_लाइन_पुणे

वरील उत्तराशी मी जवळपास पूर्ण सहमत आहे, फक्त शेवटच्या वाक्याशी नाही. मॅट एका रॉडवर आणि सोल्डरिंग स्टेशन दुसऱ्या अर्थवर ठेवले तर दोन्हींच्या विभवात (व्होल्टेजच्या पातळीत) फरक राहू शकतो, आणि तोच फरक सोल्डरिंगच्या टोकावरून आयसीच्या पायात उतरतो. वेगळा रॉड ठोकलाच तर तो इमारतीच्या अर्थला जाड तारेने जोडलेला हवा. मॅट, स्ट्रॅप, स्टेशन आणि दुरुस्त करणारा माणूस हे सगळे एकाच विभवावर असणे हा या व्यवस्थेचा गाभा आहे. मॅट आणि स्ट्रॅपच्या वायरी एका समाईक बिंदूवर आणाव्यात आणि तिथून एकच तार अर्थला न्यावी; एका मॅटची वायर दुसऱ्या मॅटला टाचू नये.

दुसरी गोष्ट आपल्या बोर्डांबद्दल. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, त्यामुळे सॉकेटमागे तो तुकडा निघाला तरी स्टॅटिक त्यातूनही वाहून जातच असणार. ती जोडणी आपल्या जिवासाठी आजच काढलीच पाहिजे, परंतु बोर्ड जाण्याचे कारण मी दुसरीकडे शोधेन, आणि सुरुवात स्ट्रॅपपासून करेन.

स्ट्रॅपच्या कॉर्डमध्ये 1 मेगाओहम, म्हणजे 10 लाख ओहमचा रोध असतो. चुकून फेजला हात लागला तरी 230 व्होल्टला त्यातून साधारण पाव मिलिअँपिअरच वाहावा, यासाठी तो आहे. कॉर्डची दोन्ही टोके मल्टिमीटरला लावा आणि पट्ट्याला लागणाऱ्या बटणाजवळचे टोक बोटांनी वाकवत राहा. एक मेगाओहम स्थिर राहिला तर कॉर्ड ठीक आहे. वाकवताना आकडा उडाला तर तार आतून तुटलेली आहे, बाहेरून ती शाबूत दिसत असली तरी. आणि काही ओहमच दिसले तर संरक्षक रोधच नाही, ती कॉर्ड वापरू नका. त्यानंतर पट्टा मनगटात घालून पूर्ण मार्ग मोजा. माणूस धरून तो 35 मेगाओहमच्या आत असावा. नागपूरच्या उन्हाळ्यात त्वचा इतकी कोरडी असते की सैल पट्टा तिथेच नापास होतो. आमच्या लाइनवर प्रत्येक जण पाळी सुरू होण्याआधी टेस्टरवर हात ठेवतो, कारण काल पास झालेली कॉर्ड आज तुटलेली असू शकते.

मॅटसाठी मल्टिमीटर निरुपयोगी आहे. पृष्ठभागापासून अर्थपर्यंतचा रोध 100 कोटी ओहमपेक्षा कमी असावा लागतो आणि एवढा मोठा रोध 100 व्होल्ट देणाऱ्या मीटरने, सुमारे सव्वादोन किलो वजनाचा इलेक्ट्रोड मॅटवर ठेवून मोजतात. मॅट नापास होण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे काच पुसण्याचे घरगुती द्रव. त्यातील सिलिकॉनचा थर मॅटवर साचतो आणि ती हळूहळू विद्युतरोधक बनते.

तीन बोर्ड स्टॅटिकमुळेच गेले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मात्र माणसाला झटका जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात आणि कित्येक आयसी 100 व्होल्टच्या आतच दुखावतात, म्हणून ‘मला कधी ठिणगी जाणवली नाही’ याला पुरावा मानू नका.

बोर्ड_दुरुस्ती_नागपूर

दोघांचेही मनापासून आभार. इस्त्री लावल्यावरही वाचन 0.0 च राहिले. मेन बंद करून सॉकेट उघडले, तर न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर लांबीचा लाल तारेचा तुकडा होता आणि भिंतीतून अर्थची तार आलेलीच नव्हती. तो तुकडा आमच्या वायरमनने काढला. इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत नवी हिरवी तार ओढून घेतली, खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरवर 4.2 ओहम आला आणि मॅट-स्ट्रॅपचा समाईक बिंदू त्याच तारेवर घेतला. आता न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात 1.4 व्होल्ट दिसतात. आठवड्यापूर्वी या आकड्याने मी घाबरलो असतो, आज तो पाहून हायसे वाटले.

स्ट्रॅपची कॉर्ड सरळ धरली की 1.01 मेगाओहम आणि बटणापाशी वाकवली की मार्ग खंडित. ती मी रोज सरळ धरूनच तपासत होतो, आणि काम करताना मात्र ती सतत वाकलेली असे. नवी कॉर्ड आणली आहे. मॅट मोजण्यासाठी ओळखीच्या एका कारखान्यातून मीटर मिळणार आहे. तोपर्यंत काच पुसायचे द्रव बंद केले आहे.

एसएमटी_लाइन_पुणे

मॅट मोजण्याआधी ती ईएसडी मॅटसाठीच्या क्लीनरने पुसून पूर्ण वाळू द्या. टेबलावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या, चिकटपट्टीची रिळे आणि थर्माकोलही काढून ठेवा. विद्युतरोधकावरचा भार अर्थिंग कितीही चांगले असले तरी वाहून जात नाही, त्यामुळे या वस्तू उघड्या बोर्डापासून फूटभर लांबच असू द्या.