‘सरकारी नोकर’ म्हणजे कैदी? आणि ‘तिकीट ऑफ लीव्ह’चं काय करायचं?

बोरूबहाद्दर: सिडनीतल्या एका घराण्याचा इतिहास मराठीत आणतोय. मूळ पुरुषाला 1827 साली 7 वर्षांची शिक्षा झाली, 1828 मध्ये तो न्यू साउथ वेल्सला पोचला, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडचे कैदी जिथे धाडत त्या ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश वसाहतीत. त्याच वर्षीच्या शिरगणतीत नावापुढे शेरा ‘गव्हर्न्मेंट सर्व्हंट’. ‘सरकारी नोकर’ लिहिलं तर वाचक पेन्शन विचारतील. पुढे 1832 चं ‘तिकीट ऑफ लीव्ह’ आहे, म्हणजे कैद्याला स्वतःसाठी काम करायची परवानगी. ‘रजेचं तिकीट’ कसंतरीच वाटतं. शब्द सुचवा.

मोडीवाला: ‘नोकर’ अजिबात नको. ‘कन्व्हिक्ट’ म्हणायचं टाळण्यासाठी काढलेला तो गुळगुळीत शब्द आहे. माणूस शिक्षा भोगतोय आणि सरकारी कामावर किंवा खाजगी मालकाकडे नेमून दिलाय. ‘नेमून दिलेला कैदी’ लिहा. लांब आहे, पण खोटं नाही.

तळटीप: शेरे जपून वाचा. त्या शिरगणतीत जी. एस. म्हणजे तुमचा ‘नोकर’, एफ. एस. म्हणजे शिक्षेची मुदत भरून सुटलेला, बी. सी. म्हणजे वसाहतीत जन्मलेला. खरा सापळा सी. एफ. हा. शिरगणतीत त्याचा अर्थ ‘स्वखुशीने आलेला’, पण कैद्यांच्या इतर कागदांत तीच अक्षरं ‘सर्टिफिकेट ऑफ फ्रीडम’साठी, म्हणजे सुटकेच्या दाखल्यासाठी येतात. कागद कुठला ते न बघता अर्थ लावला की कैद्याचा स्थलांतरित होतो, किंवा उलट.

शुद्धमती: रजा अरबी, तिकीट इंग्रजी. ‘मुभापत्र’ करा.

मोडीवाला: अरबी हाकलून अरबीच आत घेतलीत, ‘मुभा’ही तिकडचीच! ‘रजा’चा मूळ अर्थच संमती, ‘रजामंदी’तली. सुट्टी हा अर्थ नंतरचा. ‘लीव्ह’ही इथे परवानगीच. म्हणजे ‘रजापत्र’ चपखल बसतं.

पाटीपेन्सिल: व्युत्पत्ती चपखल, वाचक मात्र कार्यालयात किरकोळ रजेचा अर्ज टाकतो, त्याचं काय?

शुद्धमती: मग ‘अनुज्ञापत्र’.

पाटीपेन्सिल: दारूच्या दुकानाच्या अनुज्ञप्तीचा वास येतो.

तळटीप: शब्दाआधी वस्तू बघा. एकाच मालकाकडे नीट वागला तर 7 वर्षांच्या कैद्याला 4 वर्षांनी, 14 च्याला 6 नी, जन्मभराच्याला 8 नी हा कागद मिळे. तो स्वतःसाठी काम करू शके, पण ठरलेल्या जिल्ह्यातच, आणि हजेरी चुकवायची नाही. गैरवर्तन केलं की कागद जप्त. म्हणजे सुटका नव्हे, लांब दोरी. सुटकेचा दाखला वेगळा. मुदत जहाज पोचल्यापासून नाही, शिक्षा सुनावल्यापासून मोजत. म्हणून तो 1834 पासून पुढे शोधा. पुढेच, कारण कित्येकांनी अर्ज उशिरा केले. जन्मभराच्या कैद्याचा असा दाखला शोधत बसू नये, त्याला माफीच लागे. सशर्त माफी असली तर मायदेशी परतायची बंदी.

मोडीवाला: सशर्त माफीला ‘कौल’! अभय आणि अटी दोन्ही त्यात येतात.

बोरूबहाद्दर: वाचक कौलारू घर समजेल. बरं, ‘इंडेंट’ला कोशात ‘मागणीपत्र’ आहे, ते चालेल?

तळटीप: मुळीच नाही. भांडार विभागाचं इंडेंट वेगळं. हा जहाजावरच्या कैद्यांचा पट. 1826 नंतरच्या पटांत वय, धर्म, जन्मगाव, धंदा, गुन्हा, खटल्याचं ठिकाण, उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरच्या खुणाही मिळतात. जन्मगाव आणि खटल्याचं ठिकाण वेगळं असू शकतं. खटल्याचे कागद खटल्याच्या गावी शोधायचे. इथे बरेच जण चुकतात. नुसत्या नावावरही जाऊ नका, एकाच नावाचे ढीगभर सापडतात. नाव, जहाज, पोचल्याचं साल ही तिन्ही जुळली तरच आपला माणूस. जहाजांचीही नावं आणि फेऱ्या पुन्हा पुन्हा येतात, म्हणून साल सोडू नये.

पाटीपेन्सिल: ‘जहाजपट’ झकास. आणि ‘मस्टर’ला हात लावू नका, रोजगार हमीपासून तो मराठीच आहे.

तळटीप: आपलं मस्टर हजेरीचं. तिथलं मस्टर म्हणजे लोकांना एका जागी बोलावून केलेली मोजदाद, त्यात स्वखुशीने आलेलेही असत.

शुद्धमती: ‘ट्रान्सपोर्टेशन’ला, म्हणजे समुद्रापार धाडायच्या शिक्षेला तरी ‘काळे पाणी’ म्हणाल ना?

मोडीवाला: समुद्र ओलांडला की धर्म बुडतो ही भीती आपली. आयरिश शेतकऱ्याचं पाणी काळं कशाने?

पाटीपेन्सिल: तडीपार?

मोडीवाला: तडीपार गुंड शेजारच्या जिल्ह्यात मोकळा हिंडतो. इथे समुद्रापार नेऊन कामालाही जुंपत. ‘जन्मठेप’ही सरसकट नाही, बहुतेकांच्या शिक्षा मुदतीच्या होत्या. आपल्याकडे दंडसंहितेतली ‘आजन्म ट्रान्सपोर्टेशन’ची शिक्षा 1956 पासून नुसती जन्मठेप झाली, म्हणून गोंधळ होतो. ‘सागरपार सक्तमजुरी’ म्हणा.

बोरूबहाद्दर: ठीक. पण ‘तिकीट ऑफ लीव्ह’चं शेवटी काय ठरलं?

शुद्धमती: त्याआधी, तुम्ही ‘शिरगणती’ का लिहिलंत? एकोणिसाव्या शतकातला शब्द ‘खानेसुमारी’ आहे.

मोडीवाला: खाने म्हणजे घरं. 1828 मध्ये तिथे माणसं मोजली होती.

शुद्धमती: मग मराठीत इतकी वर्षं काय घरंच मोजत होते?